नाक्यावरचे दुकान कुणी गिळले?



हल्ली या मुंबईत जुन्या दुकानांच्या नावाने गळा काढायची टूम निघाली आहे. इराण्याच्या हॉटेलातले संगमरवरी टेबल, वाकवलेल्या लाकडाची खुर्ची, काचेच्या बरणीतले खारे बिस्कीट, वाण्याच्या फळीवरची पितळी मापे! कुणी त्यांचे फोटो काढतो, कुणी त्यांवर जाडजूड पुस्तके छापतो, तर कुणी तसल्याच खुर्च्या-टेबले नवी करून घेऊन खोटाच इराणी उघडतो आणि चहाच्या एका कपाला आपल्या आज्याचा अख्खा बाजारहाट झाला असता एवढे पैसे मोजून घेतो. ‘काय दिवस होते ते!’ म्हणून मंडळी उसासा टाकतात. टाकोत बापडी. उसाशाला पैसे पडत नाहीत.

आमचा सवाल निराळा आहे. ही दुकाने गेली ती कशाने? म्हातारी होऊन मेली? गिऱ्हाइकाची आवड बदलली म्हणून मेली? का गिऱ्हाइकाच्या खिशातला पगार आणि दुकानाच्या पायाखालची जागा, दोन्ही कुणी काढून घेतली म्हणून मेली? गिरणगावची दुकाने या तिसऱ्या दुखण्याने मेली असे आमचे म्हणणे आहे, आणि ते आम्ही हिशेबाने दाखवून देतो. आमची शाळा चौथीपर्यंतची. पण उधारीचा हिशेब चौथीच्या पुढे जात नाही.

आधी पगाराचे बघू. १९३६ साली वेतन अदायगीचा कायदा झाला. त्यात लिहिले होते की कारखान्यात हजाराच्या आत माणसे असतील तर महिना सरल्यावर सात दिवसांत पगार द्यावा आणि हजार किंवा वर असतील तर दहा दिवसांत. आता मुंबईच्या मोठ्या गिरण्यांत माणसे हजारांनी, तेव्हा पगार दहा तारखेच्या आसपास. समजा, रत्नागिरीकडचा एक पोर बोटीने येऊन भाऊच्या धक्क्यावर उतरला आणि गाववाल्याच्या वशिल्याने एक तारखेला त्रासन खात्यात चिकटला. तीस दिवस त्याने घाम गाळला. वर आणखी दहा दिवस गेले. म्हणजे पहिला पैसा हातावर पडला तो चाळिसाव्या दिवशी! हे चाळीस दिवस तो काय कापसाची पुणी खाऊन राहिला?

नाही. तो भात खाऊन राहिला आणि तो भात वाण्याच्या वहीत लिहिलेला होता. मालकाने त्याची मेहनत आधी घेतली आणि पैसे मागाहून दिले. याला जगात कुणी उधारी म्हणत नाही. पण तोच पोर खाली नाक्यावर जाऊन पायलीभर तांदूळ लिहून घेतो तेव्हा ती उधारी होते, ते कर्ज होते, आणि शहाणीसुरती माणसे अहवालात लिहितात की गिरणी कामगार मोठा उधळ्या आहे! अहो, कामगाराने मालकाला जे उसने दिले तेच भरून काढायला तो वाण्यापुढे उभा राहत होता. मालकाच्या तिजोरीवरचा भार नाक्यावरचे दुकान वाहत होते. जुन्या दुकानांचे पोवाडे गाणाऱ्या एकानेही ही गोष्ट सांगितलेली आमच्या पाहण्यात नाही.

आता ती वही कशी होती ते सांगतो. वाण्याकडे लांबट, लाल कापडाच्या पुठ्ठ्याची खातेवही. गिऱ्हाइकाकडे एक बारकी वही, मळून तेलकट झालेली, चुलीच्या वरच्या फळीवर ठेवलेली. पोरगं ती घेऊन जाई आणि वाण्याचा माणूस दोन्हींकडे लिही. गोडे तेल, गूळ, तूरडाळ, चहापूड, रॉकेल, मशेरीची तंबाखू. दहा तारखेला गिरणीच्या फाटकावर पगार झाला की माणूस घरी जायच्या आधी दुकानाची पायरी चढे. सगळे फेडणारा क्वचितच. थोडे फेडायचे, थोडे ठेवायचे आणि त्याच दिवसापासून पुढचे लिहायला घ्यायचे. “शेट, ह्या म्हयन्याक जरा सांभाळून घेवा. गावाक मनिऑर्डर करूची हा.” आणि शेट कुरकुरत का होईना, सांभाळून घेत असे. कारण त्याला माणूस कुठल्या गिरणीत, कुठल्या खात्यात, कितव्या पाळीला आहे हे पाठ होते. कोण कायम आणि कोण बदली हेही ठाऊक होते. बदलीवाल्याला तो अडखळत माल देई. पण देई.

म्हणून तो देवमाणूस होता असे मात्र कुणी समजू नका. काट्याखाली बोट लावणारे होते. रोखीचा भाव एक आणि वहीचा भाव दुसरा ठेवणारे होते. खडे निवडून निवडून बायांची बोटे झिजत. सावकारी करणारे होते ते रुपयाला महिन्याला एक आणा व्याज लावीत. एक आणा म्हणजे ऐकायला काय! पण रुपयाचे आणे सोळा. गुणाकार करून बघा, वर्षाला शेकडा पंचाहत्तर होतात. शेर, पायली, मण जाऊन किलो आला तेव्हा, म्हणजे साठ सालाच्या आगेमागे, नव्या मापाच्या गोंधळात कामगाराच्या बायकोला किती ठिकाणी कमी माल मिळाला असेल त्याची मोजदाद वजनमापाच्या खात्याकडेही सापडायची नाही. हा जाच होता म्हणून तर नायगावात १९४८ साली कामगारांनीच पुढे होऊन आपली सहकारी ग्राहक संस्था उभी केली. तोच पुढे ‘अपना बाजार’ म्हणून मुंबईभर पसरला. वाण्याच्या काट्याला उत्तर म्हणून कामगाराने आपला काटा मांडला! जुन्या आठवणींचा सोहळा करायचा तर यालाही त्यात जागा द्या.

तरीपण एक गोष्ट खरी. वाण्याशी भांडता येत होते. तो समोर होता.

आणि नाक्यावर एकटा वाणीच थोडा होता? लालबाग, परळ, काळाचौकी, शिवडी, चिंचपोकळी, करी रोड, डिलाईल रोड, वरळी, प्रभादेवी, नायगाव, कुठेही जा, चाळीचा तळमजला म्हणजे दुकानांची माळ. कोळशाची वखार, पिठाची गिरणी, शिंपी, न्हावी, पानवाला, चपला शिवणारा, तासावर सायकल देणारा, आण्यावर कादंबरी देणारे वाचनालय, आणि नाक्याच्या ऐन कोपऱ्यावर इराणी. (पिठाच्या गिरणीचे विशेष असे की गिरणगावात गिरणी म्हणून जी काही उरली ती तेवढीच!) सकाळी सातची पाळी, दुपारी साडेतीनची पाळी आणि रात्रीची पाळी. तीन वेळा भोंगा होई आणि तीन वेळा ही दुकाने भरून वाहत. रात्री बाराला सुटलेल्या माणसाला चहा मिळे. इराण्याकडे एकाच वर्तमानपत्राची पाने सुटी होऊन पाच टेबलांवर फिरत आणि ज्याला वाचता येई तो न येणाऱ्यांना वाचून दाखवी. एका चहावर दोन तास बसले तरी मालक उठ म्हणत नसे, निदान रोज म्हणत नसे. युनियनच्या कितीतरी गेट-मिटिंगांचे बेत त्या संगमरवरावर शिजले.

पण एक दुकान असे होते की ज्याला ना पाटी, ना फळी, ना गल्ला. खानावळ! गावाहून आलेला निम्माशिम्मा कामगार एकटा, बायको-पोरे गावी. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसे, तिथे चूल कुठली मांडणार? त्यांना जेवू घालत होती शेजारच्या खोलीतली बाई. कुणाचा नवरा आजारी, कुणाचा कामावरून कमी झालेला, कुणी विधवा. दहा-बारा फुटांच्या खोलीत दहा, वीस, तीस माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक, शिवाय पाळीवर जाणाऱ्यांचे डबे. ती बाई महिन्याच्या बोलीवर जेवू घाली. म्हणजे तिचा पैसाही दहा तारखेनंतरच. तोवर ती वाण्याकडून उधार आणी, आणि वाणी मस्जिद बंदरच्या दाणेवाल्याकडून उधार आणी. बघा कशी साखळी आहे! गिरणीमालकाच्या चाळीस दिवसांचे ओझे उतरत उतरत शेवटी कुणाच्या डोक्यावर येऊन बसले? डोरले गहाण टाकून पीठ आणणाऱ्या बाईच्या.

या बायांना १९७५ साली प्रेमा पुरव यांनी एकत्र आणले आणि अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. पुरवबाई गोव्याच्या मुक्तीच्या लढ्यातल्या, पुढे कामगार चळवळीत आलेल्या. बँकांच्या दारी बायांना घेऊन गेल्या आणि सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले. ज्या बाईला अंगठ्यापलीकडे सही येत नव्हती तिच्या नावाचे खाते बँकेत उघडले! ही गोष्ट घडली ती गिरणगावात. इराण्याच्या खुर्चीचे गुणगान करणाऱ्यांनी या बायांच्या परातीचाही एखादा फोटो लावावा, आमची एवढीच विनंती आहे.

आता संपाकडे येतो, कारण दुकानाची खरी परीक्षा संपात होते.

१९२८ चा सार्वत्रिक संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला, सहा महिने. १९७४ चा ४२ दिवस. पगार बंद म्हटल्यावर माणूस खातो काय? थोडे युनियनचे धान्य, थोडे गावचे, आणि बाकी वाण्याची वही. वाणी का देई? थोडा माणुसकीने, आणि बराचसा धास्तीने. कारण त्याने देणे बंद केले, संपकरी वळकटी बांधून गावी गेला, आणि तिकडेच राहिला, की मागची सगळी बाकी समुद्रात बुडाली! म्हणून बुडीत वाचवायला तो आणखी उधार देई. असा तो मनात असो वा नसो, संपात ओढला जाई. मालकांच्या संघाकडे पैसा होता, सरकारकडे पोलीस होते आणि आमच्याकडे नाक्यावरची लाल वही होती.

१८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेला. फेब्रुवारीत वाण्याने दिले. मार्चमध्ये दिले. एप्रिलमध्ये कुरकुरत दिले. खानावळवाल्या बायांनी तर महिनोन्‌महिने जेवू घातले आणि स्वतः कर्जात रुतल्या. कोकणातून, घाटावरून तांदूळ-ज्वारीची पोती आली. पण वही किती ताणणार? सूत ताणले की तुटते हे आम्हां साच्यावरच्या माणसांना कुणी शिकवायला नको. वर्ष लोटले. गिरण्या काही उघडल्या, बऱ्याच उघडल्या नाहीत, उघडल्या त्यांत जुनी माणसे सगळी परत घेतली नाहीत. तो संप कुणी रीतसर मागे घेतलाच नाही. आणि ज्या वहीवर हजारोंची बाकी लिहिलेली होती ती वही एके दिवशी मिटली. दुकानदाराने कुणावर फिर्याद केली नाही. कुणावर करणार? माणसेच निघून गेली होती. कुणी गावाला, कुणी नालासोपारा-विरारला, कुणी डोंबिवली-कल्याणच्या पलीकडे.

दुकान मरते ते असे. शटर पुढे कितीतरी वर्षे वर-खाली होत राहते, पण भोंगा बंद झाला त्याच दिवशी त्याचा श्वास कोंडलेला असतो.

यावर कुणी म्हणेल, अहो, वखार गेली ती गॅस आला म्हणून. गेली तर गेली! धुराने डोळे गमावलेल्या आमच्या माउल्यांना विचारा, कोळशाच्या आठवणीने कुणी रडते का ते. कल्हईवाला गेला तो स्टीलमुळे, तासावरची सायकल गेली ती रस्त्यावर जागा उरली नाही म्हणून. ते आम्ही मान्य करतो. काळ कुणासाठी थांबत नाही, आणि थांबावा असा आमचा हट्टही नाही. पण लालबागला जाऊन बघा. मिरची गल्लीत मिरच्या आजही भाजल्या जातात, डंकीवर मसाला आजही कुटला जातो, चिवडा गल्ली जागेवर आहे. ती का जगली? त्यांचे गिऱ्हाईक अख्ख्या मुंबईतून येते म्हणून. जे दुकान फक्त आपल्या चाळीच्या पगारावर जगत होते ते पगाराबरोबर गेले. यात आवडीनिवडीचा प्रश्न आला कुठे?

उरली जागा. तिचा हिशेब कायद्याच्या कागदावरच लिहिलेला आहे. मुंबईत गिरण्यांची जमीन सुमारे सहाशे एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला. गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे करायचे. एक वाटा महापालिकेला मैदाना-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. वाटणी काही वाईट नव्हती. पण २००१ साली नियमात बदल केला की हे तीन वाटे सगळ्या जमिनीचे नव्हेत, फक्त मोकळ्या जागेचे! गिरणीची इमारत, साच्यांचे खाते, गोदाम हे पाडून जी जागा मोकळी होईल ती वाटणीत धरायचीच नाही. आता गिरणी म्हणजे काय क्रिकेटचे मैदान असते? तिथे शिल्लक मोकळी जागा ती केवढी! प्रकरण कोर्टात गेले. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. एका ओळीच्या दुरुस्तीने मैदानेही आक्रसली आणि घरेही.

मग त्या जागांवर काय उभे राहिले ते तुम्ही रोज बघता. काचेचे मनोरे आणि मॉल. दुकान नष्ट झाले असे म्हणूच नका, दुकाने तर ढीगभर झाली! एकेका मॉलमध्ये शेकड्याने. फक्त ती आपल्या पोरांना आत पहारेकरी म्हणून ठेवतात, गिऱ्हाईक म्हणून नाही. जिथे कापड विणले जाई तिथे आता कापड विकले जाते, आणि विणणाऱ्याच्या नातवाला ते परवडत नाही. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या ज्या मोजक्या गिरण्या मुंबईत रखडत चालू होत्या त्याही मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबल्या.

आणि उधारी? ती मेली असे वाटते तुम्हांला? ती मोबाईलमध्ये जाऊन बसली आहे. ‘आत्ता घ्या, मग पैसे द्या.’ हप्ता एक दिवस चुकला की दंड. नवऱ्याचा हात मशीनमध्ये सापडला, खाडे पडले, हे त्या मोबाईलला कळत नाही, आणि त्याच्याशी भांडायला पायरी नाही. माल दहा मिनिटांत दारात येतो. कोण आणतो? पाठीवर पेटी लावलेला आपलाच पोर, खेपेवर पैसे, ना हजेरी, ना रजा, ना कायमपणा. आम्ही त्याला ओळखतो. त्याला पूर्वी बदली कामगार म्हणत. फाटकावर उभे राहायचे, आज घेतील का विचारायचे. फाटक तेवढे नवे आहे.

आता जे अजून गेलेले नाही त्याचे बोलू. १९२० च्या दशकातल्या बीडीडी चाळी पाडून मनोरे होत आहेत. १६० फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० फुटांचे घर. वरळीला पहिल्या घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. चांगले झाले, तीन पिढ्या सार्वजनिक संडासापुढे रांगा लावल्यावर माणसाला घर मिळाले तर आम्ही नाक का मुरडावे? दुसरीकडे जुन्या उपकरप्राप्त चाळी आहेत, पागडीच्या. त्यांच्या पुनर्विकासाला ३३(७) हा नियम लागतो. त्यात राहणाऱ्याला किमान ३०० फूट मिळतात, मग त्याची खोली १०० फुटांची का असेना. दुकानदाराला मात्र जेवढी जागा होती तेवढीच. ८० फुटांचे दुकान ८० फूटच राहणार. बरे, तेही चालेल. पण ते ८० फूट कुठे? नियम फूट मोजतो, तोंड मोजत नाही! रस्त्याच्या कडेला दोन पायऱ्यांवर असलेले दुकान मागच्या अंगाला, गाड्या लावायच्या जागेच्या आत, पहारेकऱ्याच्या फाटकापलीकडे नेऊन ठेवले तर फूट पुरे भरले, दुकान मेले.

आणि खानावळवाली? तिची तर नोंदच ‘राहती खोली’ अशी. दाराशी टोपली घेऊन बसणारी भाजीवाली, जिन्याखालचा चांभार, चाळीच्या भिंतीला टेकून कपडे इस्त्री करणारा, यांपैकी कुणाच्याही नावावर पावती नाही. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे, त्यात जिथे पूर्वापार बाजार भरतो त्या जागेलाही मान दिलेला आहे. पण चाळ पाडायच्या आधी तिथे बाजार भरत होता हे सांगणार कोण, जर आपणच सांगितले नाही तर?

तेव्हा पुढल्या खेपेला बिल्डरचा माणूस, नाहीतर सरकारचा म्हणा, चाळीच्या सभेत नकाशा उलगडील आणि एकविसाव्या मजल्यावरची हवा किती गार आहे ते सांगू लागेल, तेव्हा त्याला मध्येच थांबवा. आधी तळमजल्याचा नकाशा टेबलावर मांडायला लावा. कुठले दुकान कुठे जाणार, त्याचे दार रस्त्याला का आत, शटरपुढे फाटक आहे का, बांधकामाची चार-पाच वर्षे दुकानदाराने धंदा कुठे करायचा आणि त्याचे भाडे कोण देणार, हे एकेक करून लिहून घ्या. ज्यांच्याकडे पावती नाही त्यांची यादी चाळ कमिटीने स्वतः करावी, नाव, धंदा, किती वर्षे बसतात, आणि चार शेजाऱ्यांच्या सह्या. एक प्रत कमिटीकडे, एक वॉर्ड ऑफिसात, पोच घेऊन. हे काम रविवारच्या एका सकाळचे आहे. वही आणि पेन नाक्यावरच्या दुकानातूनच घ्या.